गाडी मुकी केली ते साल

आमच्या मालकाला लकवा मारला तवा उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आन् बोलनं तर समदंच गेलं. तोंडातून नुसतं अं अं यायचं. पन ध्यान जाग्यावर. कोन आलं, कोन गेलं, कोनत्या रानात हरभरा घाट्याला आला, समदं मालूम. फकस्त सांगता यायचं न्हाई.

आधी त्येंचा आवाज म्हंजी गावाला ठावका. गावाच्या खाली वढा हाय, वढ्याच्या पल्याड आमचं शेत, पायी अर्ध्या घंट्याची वाट. सांजच्याला वढ्यात बैलं पाजताना वरडले तर मला चुलीपाशी ऐकू यायचं. मी भाकर तव्यावर टाकायची, म्हनायची आले. तसा मानूस मुका झाला. बाजंवर बसून माझ्याकडं बघायचा, मी दुसरीकडं बघत असले की वाट बघायचा. मी कवा वळंल आन् कवा बघंल. हाक मारायला आवाजच न्हाई तर काय करनार. भांडं वाजवून बघितलं, पितळी खाली टाकून बघितली. मी मागं परसात नाहीतर नळावर, मला कुठलं ऐकू येतंय.

आता गाडीचं सांगते.

आमचं एकच पोरगं. त्यानं आधी जीप केलती. नांदेड-कंधार सवाऱ्या मारायचा. एक दिवस गावातल्या पेशंटला घिऊन नांदेडला गेला. दवाखान्यापुढं जीप लावली, पेशंटला धरून आत सोडलं, बाहेर येऊन बघतो तर जीप न्हाई. भर दुपारी, एवढ्या गर्दीत. मागून उचलून वढून नेली म्हनतेत. त्येच्यानंतर पोरगं सहा म्हैने वट्यावर बसून होतं. कोनासंगं बोलंना. बाप मुका, पोरगं असं, मी दोघाला जेवायला वाढायची आन् भांडी घासायची.

पुढं कसंतरी करून त्यानं दुसरी गाडी आनली, पांढरी. पन जीव असा घाबरलेला की गाडी दारात उभी असली तरी जेवताना चारदा उठून बघायचा. पहिल्यांदा साधा अलारम बसवला. बटन दाबलं की दारं बंद, आन् कोनी दार उघडलं की बोंबलायचा. तेवढ्यावर त्याचं भागंना. नांदेडला एक बसवनारा हाय, त्येच्याकडं हप्त्या-दोन हप्त्याला जायचा आन् कायतरी जोडून आनायचा. एकदा धक्क्याचा सेन्सर आनला. गाडीला बाहेरून ठोका बसला की वरडायचं. मग आतल्या हालचालीचा. सुनंनं नजर लागू नये म्हनून आरशाला काळी बाहुली बांधली होती, ती हालली की गाडी बोंबलायची, मग बाहुली काढावी लागली. मग बॉनेटखाली एक बटन. मग गाडी मागून उचलली तर कळायचं एक. हे तर त्याला पहिल्यापासून पायजे होतं. शेवटी भोंग्याला येगळी बॅटरी लावली, म्हंजी चोरानं मोठी बॅटरी तोडली तरी बोंबलनं थांबायचं न्हाई.

मी म्हनले, बाबा, एवढं समदं लावलं, आता तुला तरी बसू दिईल का ती. पोरगं हासलं न्हाई. तो बसवनारा म्हनला म्हनं, आता ही लाताड म्हशीसारखी झाली, धन्याबिगर कोनाला हात लावू देनार न्हाई.

गाडी लावायची जागा म्हंजी आमच्या वट्याच्या खाली, मालकाच्या बाजंपासून दोन हातावर. मालकाला गाडी लई आवडायची. डाव्या हातात काठी धरून खाली उतरायचे, गाडीवर हात ठिवायचे, कापडानं धूळ पुसायचे. बैलं गेल्यापासून त्येंच्या हाताला तेवढंच काम. धक्क्याचा सेन्सर बसवला तवा पोरानं बापाला सांगितलं, दादा, आता हात लावू नका, बोंबलती. मालक वट्यावर बसून नुसते बघायला लागले. मला वाईट वाटलं, पन पोराला काय म्हनावं. त्याचीबी जीप गेलेली. एकाचं खरं म्हनावं तर दुसऱ्याचं खोटं पडतंय, असं झालं.

मग एक दिवस मी मागं शेन गोळा करून राहिले होते. पुढून गाडी बोंबलली. मी शेनाच्या हातानं पळत आले. बघते तर मालक बाजंवर बसलेले, काठी गाडीच्या दाराला टेकलेली, आन् तोंडावर हासू. लकव्यानं वाकडं झालेलं तोंड, त्येच्यात हासू. मी म्हनले, काय झालं. काठीनं रिकामा तांब्या दावला. पानी पायजे होतं.

मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. दोन सालानं मानसानं मला हाक मारली होती.

तवापासून तसंच चालू झालं. गाडी दारात असली की त्येंला वाचा असायची, गाडी भाड्यानं गेली की मुके. पानी पायजे, ठोका. ऊन अंगावर आलं, ठोका. शेळी ज्वारीच्या पोत्यात तोंड घालती, ठोका. एकदा तर पळत आले तर काय, गल्लीतून आमच्या येहीणबाईंची सवारी येत होती तेवढं दावायला. पोरगं आधी चिडलं. मग त्यालाबी ठोका कळायला लागला. चोराचा असला तर नुसता दनका, दादाचा असला तर मागच्या दाराला, एकच, हळू. पोरगं बटन दाबून भोंगा बंद करायचं आन् म्हनायचं, "माय, तुझं बोलावनं आलंय."

शेजारची म्हातारी माझ्याहून मोठी, तिचं तोंड लई फटकळ. ती म्हनायची, "तुझा नवरा बोलत होता तवा एवढा वरडत नव्हता बाई." मी म्हनायची, तवा तुमचंच वरडनं चालू असायचं, त्येंला संधी कुठं होती. दोघी हासायचो. गल्लीतले बाकीचे मातर हासत नव्हते. लेकरू निजलं की भोंगा वाजला, म्हैस दुधाला आली की भोंगा वाजला. तोंडावर कोन बोलत न्हाई, पन आपल्याला कळतंय की.

आता येळामावशीचं सांगावं लागतंय, कारन त्येच्यापाशीच समदं अडकलंय. माझं माहेर मुरुडाकडचं, तिकडं येळामावशा, मार्गशीर्ष सरतानाची शेतपूजेची अमावशा, म्हंजी दिवाळीहून मोठी. हिकडं सासरीबी तसंच. त्या दिवशी गावात कुत्रं राहत न्हाई, समदी दुनिया शेतात. कडब्याची कोप करायची, चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड आत मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आन् अंबील. ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेलं अंबील, त्याचं बिंदगं, म्हंजी मडकं, घरच्या मोठ्या बाईनं डोक्यावर घ्यायचं. आमच्या घरची रीत अशी की येकदा बिंदगं डोक्यावर आलं की ते कोपीपुढंच उतरायचं. वाटंत टेकवायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई, मागं फिरायचं तर नावच काढू नये. मागं फिरलं की लक्षुमी मागं फिरती. माझ्या सासूनं मला पहिल्या साली सांगितलं ते हे.

वढ्यातून गाडी जात न्हाई. मालकाला ट्रॅक्टरच्या डब्यात बसवून न्यावं म्हनलं तर त्येंनी हातानं न्हाई म्हनलं. पोरानं पाठीवर घेतो म्हनलं तर डोळ्यात पानी आनलं. ज्या मानसानं चाळीस सालं पुढं चालून पूजा केली त्याला पोत्यासारखं नेलेलं कसं चालंल. तर ते घरी राहायचे. बाजंपाशी पानी, भाकर, भज्जी ठिवून आमी जायचो, दुपारून मी लवकर परत यायची.

गेल्या साली मी बिंदगं घेऊन निघाले. पुढं पोरगं घोंगडी घेऊन, मागं सून, नातवंडं, आन् माझी ननंद, ती येळामावशेला दरसाल माहेराला येती. वढ्यापाशी पोचलो आन् मागून भोंगा. एक ठोका. पोरगं बटन दाबायला बघतंय तर एवढ्या लांबून चालंना. भोंगा थांबला आन् परत वाजला. परत वाजला. तीन ठोके त्येंनी कवा मारले नव्हते. मला वाटलं मानूस पडला.

मी फिरले. बिंदगं डोक्यावर, तशीच फिरले. ननंद म्हनली, "वयनी, पाऊल मागं टाकू नगा." मी थांबले न्हाई. अंबील कानावर सांडलं, खांद्यावर सांडलं. घरी येऊन बघते तर मालक बाजंवर धडधाकट, हातात काडेपेटी धरलेली. मी काडेपेटी वट्यावर इसरले होते. पूजेला दिवा कशानं लावनार, म्हनून बोलावलं. डाव्या हातानं काडेपेटी पुढं केली आन् केवढ्या ऐटीत बघून राहिले माझ्याकडं. मी काडेपेटी घेतली आन् परत गेले.

त्या साली पुढं गारा पडल्या. उभी ज्वारी झोपली, हरभरा गेला. गारा काय आमच्याच शेतावर पडल्या न्हाईत, कंधारापासून पार लातूरच्या हद्दीपर्यंत पडल्या, वर नांदेडच्या पल्याडबी पडल्या. अर्धापूरच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या, त्या केळीवाल्यांच्या बाया काय बिंदगं घिऊन मागं फिरल्या होत्या का. पन ननंदनं शिमग्याला फोनवर तेच काढलं, पाडव्याला तेच काढलं. लक्षुमी वाटंतून मागं घेऊन आलात म्हनली. गावातबी झालं. तोंडानं न्हाई बोलले तरी हळदीकुंकवाला बाया माझ्याकडं बघून गप व्हायच्या.

मग मीच पोराला म्हनले. दुसऱ्या कोनाचं नाव घेत न्हाई मी, मीच म्हनले. "बाबा, त्या भोंग्याचं तोंड बंद कर कायतरी. मला ऐकूच येऊ नगं."

पोरगं नांदेडला गेलं. बसवनाऱ्यानं आनखी एक डबी जोडली. आता गाडीला धक्का बसला की भोंगा वाजायचा न्हाई, पोराच्या फोनमधी वाजायचं. पोरानं मालकाला सांगितलं, दादा, आता गाडी बोंबलनार न्हाई, तरीबी ठोका मारा, माझ्या फोनात येतंय, मी मायला धाडतो. मालकानं मान हालवली. पहिल्या दिवशी ठोका मारला आन् गाडीकडं बघत बसले. गाडी गप. परत मारला. मग मी आले. माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. मी म्हनले, पोराच्या फोनात वाजलं, त्यानं मला सांगितलं. त्येंला पटलं का न्हाई मालूम न्हाई. पन चालायला लागलं. पोरगं घरात असायचं न्हाईतर पारावर, तिथून हाक मारायचं, मी जायची. गल्ली शांत झाली. शेजारची म्हातारी म्हनली, लईच सुनं सुनं वाटायला लागलं बाई.

मग ह्या सालची येळामावशा आली.

सकाळी निघायच्या वख्ताला शेजारचं वासरू सुटलं आन् गाडीला अंग घासायला लागलं. पोराचा फोन वाजला. हाकललं तर परत आलं. निघेपर्यंत तीनदा वाजलं. पोरगं म्हनलं, आज हे वासरू काय दम खाऊ देत न्हाई. मी मालकापाशी पानी ठिवलं, भाकर ठिवली, काडेपेटी कमरंला खोचली आन् त्येंला दावली. हासले. बिंदगं डोक्यावर घेतलं.

वढा उतरले, चढले. मागं बघितलं न्हाई. कानावर काय आलं न्हाई, आन् खरं सांगते, मला बरं वाटलं. मनात म्हनले, देवा, ह्या साली सुखानं पोचू दिलंस.

कोपीपुढं बिंदगं उतरवलं. पूजा झाली. पोरानं घोंगडी पांघरून अंबील समद्या शिवारात शिंपडलं. जेवायला बसलो. मी पोराच्या ताटात भज्जी वाढून राहिले होते आन् त्याचा फोन वाजला. त्यानं बघितलं, बोट फिरवलं, बाजूला ठिवला. परत वाजला. मी म्हनले, कोन हाय रे.

"कोनी न्हाई माय, गाडी हाय. वासरू असंल."

मी म्हनले, दादा असतील का. तो म्हनला, दादाचा एकच असतो, हे सारखं चालू हाय. तिसऱ्यांदा वाजला तवा त्यानं आवाज बंद केला आन् फोन घोंगडीखाली सारला. मी त्याला आनखी उंडा वाढला. तूप वाढलं. ननंद म्हनली, "ह्या साली कसं समदं रीतीनं झालं बघा." मी हाव म्हनले.

म्हंजी मला मनात आलं होतं. तेवढं सांगते. आलं होतं आन् मी बसून राहिले. उठून गेले असते तर चार बायांनी बघितलं असतं.

दुपार कलायच्या आत मी निघाले. गावात शिरले तर वासरू आमच्या दारात न्हाई, पार मारुतीच्या देवळापाशी चरत होतं. तवा मी पळत सुटले.

मालक वट्याखाली, गाडीच्या मागच्या चाकापाशी पडलेले. सावली होती ती सरकून ऊन तोंडावर आलेलं. काठी डाव्या हातात घट्ट. उजवा पाय असा वळलेला की मी बघितला आन् दुसरीकडं बघितलं. जीव होता. मला बघून अं केलं न्हाई, काय केलं न्हाई. डोळे उघडे. वट्यावरून उतरताना पडले असतील. उतरले कशाला, ते अजून मला कळलं न्हाई. भाकर तशीच झाकलेली होती, पानी पिलेलं होतं.

मागच्या दाराला खाली, पडलेल्या मानसाचा हात जातो तेवढ्या उंचीला, पोचे पडले होते. पत्रा आत गेलेला, पांढरा रंग उडालेला. मी मोजले न्हाईत.

मी मान्सं बोलवायला गल्लीत पळाले तर गल्लीत मानूसच न्हाई. समदे शेतात. कुलपं, कुलपं, कुलपं. मी वरडले. मग माझा फोन आठवला, आत चुलीपाशी चार्जिंगला. पोराला लावला तर त्यानं उचलला न्हाई, घोंगडीखाली, आवाज बंद. त्यानंच बंद केलेला. सुनंला लावला, तिनं उचलला. पोरगं शेतातून पळत आलं, अंगावर घोंगडी तशीच. त्यानं गाडीचं बटन दाबलं, दार उघडलं, दोघांनी मिळून मालकाला मागच्या सीटवर घेतलं. पोरानं लातूरचा रस्ता धरला. मी मालकाचं डोकं मांडीवर घिऊन बसले होते. अहमदपूरच्या पुढं पोरगं एकदा म्हनलं, "माय, वासरू वाटलं गं." मी म्हनले, रस्त्याकडं बघ.

मांडीच्या खुब्याचं हाड गेलं होतं. लातूरच्या डाक्टरनं सळई घातली. ह्या वयात आन् लकव्याच्या बाजूला, आता उठून चालनं व्हायचं न्हाई म्हनला. पंधरा दिवसानं घरी आनलं. आता बाज वट्यावर न्हाई, आत हाय, भिताडाला लागून. गाडी तिथून दिसती, पन काठी पोचत न्हाई.

पोरगं परत नांदेडला गेलं. ती डबी काढून टाकली, भोंगा चालू केला, मोठाच बसवला आता. आन् जास्तीचं एक रिमोट आनलं, त्येच्यावर लाल बटन. ते दाबलं की गाडी आरडाओरडा करती, कोनी हात लावायची गरज न्हाई. रिमोट मालकाच्या डाव्या हातात दिलं, सुतळी बांधून बाजंला अडकवलं. म्हनला, दादा, आता हे दाबा, सगळ्या गावाला ऐकू जाईल, मी कुठंबी असलो तरी पळत येतो. मालकानं बटन दाबलं. गाडी बोंबलली. परत दाबलं. गप झाली. मग पोराकडं बघितलं आन् डोळे मिटले.

ननंदचा फोन आला होता. ह्या साली पीक चांगलं हाय म्हनली. हाय खरं. ज्वारी पुरुषभर झाली.

आता तीन म्हैने झाले. मालक बटन दाबतेत, न्हाई असं न्हाई. पन मी बाजंवर उशाला बसलेली असले, त्येंचे पाय चेपून राहिले असले, तवा दाबतेत. गाडी बोंबलती, मी म्हनते, मी हितंच हाय की. मग परत दाबून बंद करतेत. मी नळावर गेले, परसात गेले, दुकानाला गेले की दाबत न्हाईत. काल पान्याला गेले ते गर्दीत अर्धा घंटा लागला. आले तर अंथरून ओलं, तोंडावर माशा, आन् रिमोट हातातच. मी म्हनले, दाबलं का न्हाई. भिताडाकडं तोंड केलं.

मी अंथरून बदललं. रिमोट पुसून परत हातात दिलं.